मुरमाड जमिनीसाठी कवचफळ : चारोळी

हलक्या जमिनीत हेझलनटची लागवड करता येईल काय, असा प्रश्न काही हौशी बागायतदार विचारतात. या कवचफळाचे जगातील निम्म्याहून अधिक उत्पादन तुर्कस्तानात होते. हिमाचल प्रदेशातील पांगी खोऱ्यात त्याची एक रानटी जात ‘ठांगी’ या नावाने परिचित आहे. तथापि या झाडांना हिवाळ्यात दीर्घकाळ कडक थंडी लागते. परभणी जिल्ह्यात ती मिळत नाही. सबब रोपांवर केलेला खर्च वाया जाण्याचीच भीती अधिक.

कोरड्या हवेत तग धरणारे आपले कवचफळ म्हणजे चारोळी. श्रीखंड-बासुंदीत आपण जी चारोळी घालतो, ती या झाडाच्या बीमधील गर होय. गडचिरोली, मेळघाट व नांदेड जिल्ह्यातील किनवट येथील जंगलांत हे झाड आढळते. काळपट, सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल व जाड, चामड्यासारखी पाने ही त्याची खूण. ते उथळ, खडकाळ जमिनीतही वाढते. पाणी साचणारी भारी काळी जमीन मात्र त्यास मानवत नाही. म्हणून गोदाकाठची काळी राने सोडून जिंतूरच्या बाजूच्या मुरमाड उताराचा विचार करावा.

रानात ही झाडे कमी होत आहेत. ‘आपण न तोडली तर दुसरा तोडील’ या धास्तीने फळे हिरवी असतानाच उतरविली जातात, फांद्याही छाटल्या जातात. त्यामुळे गर हलका भरतो आणि पुढील पिढीसाठी बी उरत नाही. म्हणून प्रथम मातृवृक्ष शोधावा. दरवर्षी भरपूर फळणारे, टपोऱ्या बीचे व निरोगी झाड हेरून त्यावर खूण करावी. वनातील झाड असल्यास ग्रामसभा व वनखाते यांच्या संमतीनेच बी घ्यावे.

एप्रिल-मेमध्ये फळे काळी पडल्यावरच वेचावीत. रात्रभर भिजवून गर चोळून काढावा, बी धुऊन सावलीत सुकवावे. उगवणशक्ती लवकर घटत असल्याने त्याच पावसाळ्यात बी पेरावे. कवच टणक असते. आतील गरास इजा न होईल अशा बेताने त्यास तडा द्यावा. सोटमूळ खोल जात असल्याने उंच पिशव्या वापराव्यात. बाजारातील सोललेली चारोळी पेरू नये.

बियांपासून केलेली झाडे सारखी निपजत नाहीत व फळावर येण्यास अनेक वर्षे घेतात. चांगल्या झाडाची काडी घेऊन कोवळ्या शेंड्यावर मृदुकाष्ठ कलम केल्यास गुण टिकतो आणि फळही लवकर येते. गुजरातमधील गोध्रानजीकच्या वेजलपूर केंद्राने याच मार्गाने ‘थार प्रिया’ हा वाण निवडला आहे.

पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात मडक्याने पाणी द्यावे व गुरांपासून राखण करावी. आरंभी बांधावर पाच-दहा झाडेच लावावीत. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी आपल्या गावी निदान एक मातृवृक्ष नोंदवून ठेवल्यास पुढील पावसाळ्यात रोपांची अडचण पडणार नाही.