एक कळ, दोन अक्षरे

तुम्ही संगणकावर कधी उर्दू लिहिता, कधी मराठी. कळफलक मात्र एकच असतो. इंग्रजी 'के' छापलेली कळ पाहा. उर्दूचा फोनेटिक कळफलक निवडला, तर ही कळ 'काफ' उमटवते. मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक निवडला, तर तीच कळ 'क' उमटवते आणि शिफ्टबरोबर दाबली, तर 'ख'. हे कसे घडते?

खरे म्हणजे कळीला अक्षर ठाऊकच नसते. ती दाबली, की संगणकाकडे फक्त एक क्रमांक जातो. 'अमुक जागेवरची कळ दाबली,' एवढाच त्याचा अर्थ. कोणते अक्षर उमटवायचे, हे संगणकातील एक तक्ता ठरवतो. तक्ता बदलला, की अक्षर बदलते. इन्स्क्रिप्टच्या तक्त्याला १९९१ मध्ये भारतीय मानकात स्थान मिळाले. त्यात स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. गुजराती आणि बंगालीतही 'क' याच कळीवर आहे. म्हणजे एक लिपी शिकलात, तर बाकीच्यांची वाट सोपी होते!

काही लोक एखाद्याच कळीचे काम बदलतात. कॅप्स लॉकचेच घ्या. उर्दूत आणि देवनागरीत मोठी व छोटी अक्षरे नसतात. मग त्या कळीला दुसरे काम का देऊ नये? जरूर द्या, पण आधी जुन्या तक्त्याची प्रत ठेवा. नाहीतर पासवर्ड लिहिताना भलतीच अक्षरे उमटतील आणि तिथे ती दिसणारही नाहीत.

अशीच राखीव प्रत तुमच्या लेखनाचीही हवी. इमॅक्ससारखे काही प्रोग्रॅम ती आपण होऊन ठेवतात. फाईलच्या नावाअखेर नागमोडी चिन्ह दिसले, की ती आधीच्या मजकुराची प्रत समजा. मुले तिला कचरा समजून पुसून टाकतात. तसे करू नका. चुकून खोडलेला परिच्छेद तिच्यात सापडू शकतो.

पण ही प्रत त्याच डिस्कवर असते. डिस्क बिघडली, तर दोन्ही जातात. म्हणून हस्तलिखिताचा किंवा प्रकल्पाचा मजकूर पेनड्राईव्हवरही घ्या आणि पेनड्राईव्ह संगणकापासून दूर ठेवा. ती प्रत अधूनमधून दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. तिथे नस्तालीक फॉन्ट नसेल, तर युनिकोडमधील उर्दू मजकूर वेगळ्या वळणात दिसेल. घाबरू नका. अक्षरे शाबूत असतात, फक्त फॉन्ट बसवायचा असतो.