डांबरी कागदाच्या वर्गांचा हिशेब

शिक्षणाचा विचार दरडोई खर्चाच्या भाषेत करण्याची आम्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकांना सवय जडलेली असते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, फार्मव्हिल या गावी संग्रहालय म्हणून जतन केलेली रॉबर्ट रसा मोटन शाळा या सवयीचा फेरविचार करावयास लावते.

१९३९ मध्ये ही शाळा केवळ कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधण्यात आली. सोयी वेगळ्या पण समान असाव्यात, हा १८९६ पासूनचा न्यायालयीन दंडक. त्यातील ‘वेगळ्या’ हा शब्द कसोशीने पाळला गेला. ‘समान’ या शब्दाचा मात्र सोयीस्कर विसर पडला. सुमारे १८० मुलांच्या इमारतीत साडेचारशे मुले झाली, तेव्हा आवारात डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी खोल्या उभारून वेळ मारून नेण्यात आली.

२३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीच्या नेतृत्वाखाली विद्यार्थ्यांनी संप पुकारला. त्यांना हवी होती चांगली इमारत. वकिलांनी सांगितले की, वर्णभेदी शाळांचाच अंत मागणार असाल तर आम्ही खटला चालवू. मुलांनी व पालकांनी ते मान्य केले. १९५३ मध्ये कौंटीने त्यांना नवी शाळा बांधूनही दिली. प्रश्न निव्वळ खर्चाचा असता, तर तो तेथेच मिटला असता. परंतु खटला पुढे चालला आणि १९५४ च्या ‘ब्राऊन’ निकालात इतर खटल्यांबरोबर त्याचाही निर्णय लागला : वेगळ्या शाळा मुळातच विषम होत.

यानंतर जे घडले ते अधिक विदारक आहे. गोऱ्या व काळ्या मुलांना एकत्र बसविण्यापेक्षा कौंटीने १९५९ मध्ये सार्वजनिक शाळांचा निधीच बंद केला. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी काहींना परगावी पाठविण्यात आले. अनेकांचे शिक्षण तुटले. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतरच सार्वजनिक शाळा पुन्हा उघडल्या.

२००४ मध्ये व्हर्जिनिया राज्याने या वंचितांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. ऋण मान्य करण्याची ही बुद्धी स्वागतार्हच म्हटली पाहिजे. परंतु पन्नाशी-साठीला पोहोचलेल्या माणसांना त्यांच्या शाळकरी वयातील पाच वर्षे कोणत्या रकमेने परत मिळावीत? शैक्षणिक अंदाजपत्रके चाळताना, ज्याच्यासाठी कोणतेही खाते नसते असा हा खर्च आपण ध्यानी घेतला पाहिजे.