चला, बिनबंदुकीच्या शिकारीला!

मुलांनो, जुन्या फोटोंतला शिकारी तुम्ही पाहिलाच असेल. डोक्यावर टोपीचं मोठं टोपलं, अंगात खाकी कोट, पोटऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या आणि छातीवर काडतुसांचा पट्टा! गॅदरिंगला असा शिकारी व्हायला कुणाला आवडणार नाही? पण हा थाट नुसता रुबाबासाठी नव्हता बरं का! त्यातल्या एकेका वस्तूमागे कारण होतं.

समजा, असाच पोशाख करून आपण खऱ्याखुऱ्या शिकारीच्या रानात निघालो, तर? रान काही लांब नाही. आपल्या रायगड जिल्ह्यात मुरूड आणि रोहा तालुक्यांत फणसाडचं जंगल आहे. जंजिऱ्याच्या नवाबांचं हे राखीव शिकारीचं रान होतं. १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात विलीन झालं. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९८६ साली फणसाड अभयारण्य झालं. आता इथल्या सुमारे ७० चौरस किलोमीटर रानात बिबट्या, सांबर, भेकर, शेकरू यांची शिकार करणं हा गुन्हा आहे. म्हणजे आपल्या सामानातून बंदूक गेली. बाकीच्या वस्तू मात्र एकेक करून तपासून बघू.

टोपी : साहेबाची ती टोपी 'सोला' नावाच्या पाणथळ झुडपाच्या भेंडाची असे. भेंड म्हणजे खोडातला पांढरा, हलका गर. त्यामुळे टोपी मोठी दिसली तरी वजनाला अगदी हलकी, आणि ऊनही आत येत नसे. आपल्याला काठ असलेली साधी सुती टोपी पुरे.

कपडे : 'खाक' म्हणजे फारसीत धूळ. धुळीच्या रंगाचं ते खाकी! इंग्रजांच्या फौजेत हा रंग आणला तो १८४६ साली पेशावरला उभ्या राहिलेल्या 'गाइड्स' पलटणीने. जंगलात हाच रंग का, ते सांगते. सांबर-भेकरांना लाल आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही, पण निळा रंग चांगला दिसतो. म्हणजे तुमची लाडकी निळी जीन्स घरीच ठेवायची! पक्ष्यांना तर आपल्यापेक्षाही जास्त रंग दिसतात. म्हणून मळकट हिरवे किंवा मातकट कपडे घाला. सुतीच घाला, कारण नायलॉनचं जाकीट चालताना सळसळतं. अत्तर, पावडर काही नको. प्राण्यांचं नाक फार तिखट असतं.

पट्ट्या : घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळायची ती कापडी पट्टी. आपला 'पट्टी' हा शब्द इंग्रजांनी उचलून आपल्या भाषेत नेला! काटे आणि गोचिड्या यांपासून पाय वाचावेत म्हणून ती बांधायची. आपण लांब मोजे घालू आणि पँटचे पाय त्यांत खोचू. बाह्याही पूर्ण हव्यात. हिवाळ्यात खाजकुयलीच्या शेंगा वाळतात. तिची कुसं एकदा अंगाला लागली की काय होतं, हे कोकणातल्या मुलांना मी काय सांगू!

बूट : टाचेला नाल ठोकलेले नकोत. रबरी तळव्याचे कॅनव्हासचे बूट घ्या आणि पाचोळ्यात पाऊल हळू टाका.

आता एक गंमत पाहा. साहेब-संस्थानिक एवढा सरंजाम करून मचाणावर बसत आणि खाली हाकारे रान उठवत. त्यांच्या अंगावर जेमतेम कपडे, पाय अनवाणी! पण माग कुणाचा, किती जुना, वारा कुठून वाहतो, हे त्यांनाच कळे. आपल्या भागातल्या कातकरी आजोबांना विचारा. मूठभर बारीक माती सोडून वाऱ्याची दिशा कशी बघायची, ते दाखवतील. हे ज्ञान कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही.

राहिला काडतुसांचा पट्टा. त्याच्या जागी खिशात वही, पेन्सिल आणि वाट चुकलात तर वाजवायला शिट्टी ठेवा. खांद्यावर पाण्याची बाटली आणि बंदुकीऐवजी गळ्यात दुर्बीण.

असा बदल एका मोठ्या माणसाने केला होता. डॉ. सालिम अली लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारत. एकदा पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेले आणि तिथून त्यांचं आयुष्यच बदललं. पुढे १९३० साली आपल्याच किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीमला, त्यांनी सुगरण पक्ष्यांचं निरीक्षण केलं. नर अर्धं घरटं विणतो, मादी ते तपासून पसंत करते आणि मगच नर ते पुरं करतो. मादी अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या दुसरं घरटं बांधायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी! चिमण्या मारत राहिले असते, तर हे त्यांना कधी दिसलं असतं का?

म्हणून निघण्यापूर्वी एक शेवटची तपासणी. दप्तराच्या तळाशी, नाहीतर चड्डीच्या मागच्या खिशात, एखादी बेचकी लपली आहे का? मला ठाऊक आहे, पुष्कळांकडे असते! छोटासा दगड, पण बुलबुलाला तो नवाबाच्या गोळीइतकाच लागतो. तिचं रबर काढा आणि त्याने वही-पेन्सिल एकत्र बांधा. झाली तुमची शिकारीची तयारी!

फणसाड लांब पडत असेल तर गावाबाहेरच्या राईपासून सुरुवात करा, मात्र एखाद्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन. परत आल्यावर वहीत किती 'शिकार' सापडली, ते मोजा. आणि हो, ती सगळी रानात जिवंत असेल!