पंखातली न दिसणारी भेग

लोखंडी तार तोडायला पक्कडच लागते असं नाही. एकाच जागी ती पुन्हा पुन्हा वाकवत राहिलं, की एका झटक्याला दाद न देणारी तार काही वेळाने सहज तुटते. यालाच धातूचा थकवा म्हणतात. लढाऊ विमान दर गिरकीला हेच सोसत असतं. पंख वर वाकतात, पुन्हा सरळ होतात आणि सांगाड्यात कुठेतरी केसाहून बारीक भेग धरते.

ती वेळेत गाठण्याची जागा म्हणजे दुरुस्ती डेपो. असा एक डेपो नाशिकजवळ ओझरला आहे: हवाई दलाचा 11 बेस रिपेअर डेपो. नागपूरच्या मेन्टेनन्स कमांडच्या अखत्यारीत तो येतो. रोजची तपासणी, टायर, तेल, किरकोळ बिघाड हे सगळं स्क्वाड्रनमध्येच उरकतं. डेपोत मात्र विमान अक्षरशः सोलून काढतात. इंजिन उतरवतात, रंग खरवडतात, पत्रे उघडतात, नळ्या आणि वायरिंग तपासतात. मग सांगाड्याची पाळी येते.

संशयित भाग स्वच्छ धुऊन त्यावर एक चमकणारं द्रावण लावतात. ते फटीत झिरपतं. काही वेळाने वरचं द्रावण पुसून पांढरी पूड भुरभुरली, की फटीत दडलेलं द्रावण ती शोषून वर ओढते. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा धरला, की कोऱ्या दिसणाऱ्या धातूवर हिरवट-पिवळी रेघ उजळते. पण भेग पृष्ठभागाला फुटलेली असेल तरच हे जमतं. बोल्टच्या भोकात लपलेल्या भेगेसाठी तारेचं बारीक वेटोळं आत फिरवतात. त्यातल्या बदलत्या विद्युतप्रवाहामुळे धातूतही भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात. भेग आडवी आली, की त्यांना वळसा पडतो आणि पडद्यावरची खूण उसळते. आणखी खोलवर पाहायला अल्ट्रासाउंड आणि एक्स-रे आहेतच.

एवढी काटेकोर शोधाशोध करायला एका अपघाताने शिकवलं. 22 डिसेंबर 1969 रोजी अमेरिकेत नेव्हाडातल्या नेलिस तळाच्या एका एफ-111 विमानाचा डावा पंख उड्डाणातच तुटला. दोन्ही वैमानिक दगावले. विमान जेमतेम शंभरेक तास उडालेलं, म्हणजे जवळपास कोरंच होतं. पंख ज्या पोलादी सांध्यावर फिरतो, त्यात घडणीच्या वेळचाच दोष राहून गेला होता आणि कारखान्यातल्या तपासणीत तो निसटला होता.

तोवर हिशेब सोपा होता: इतके तास विमान सुरक्षित, नंतर निवृत्त. या अपघाताने तो उलटा केला. भेग पहिल्या दिवसापासून आहेच असं धरायचं, ती किती वेगाने वाढेल याचं गणित मांडायचं आणि ती घातक होण्याच्या आत तपासणी करायची. एफ-111 साठी तर एक जालीम चाचणी ठरली. अख्खं विमान उणे 40 अंशांपर्यंत थंड करून त्याचे पंख प्रचंड जोर लावून वाकवत. गारठलेलं पोलाद ठिसूळ होतं, त्यामुळे एरवी निभावली असती अशी लहान भेगही तिथे तग धरत नाही. विमान टिकलं, तर उरलेली भेग अमुक लांबीहून लहानच आहे याची खात्री पटते आणि पुढच्या उड्डाणांचे तास मोजून देता येतात. काही विमानांचे भाग या चाचणीत खरोखरच मोडले. आकाशात मोडण्यापेक्षा ते बरंच म्हणायचं.

विमान उघडलंच आहे, तर त्यातली जुनी यंत्रणाही बदलून घेणं सोयीचं पडतं. 1987 मध्ये हवाई दलात आलेल्या मिग-29 चं असंच झालं. 2008 च्या करारानुसार पहिली काही विमानं रशियात सुधारली आणि बाकीची ओझरला. नवं रडार बसलं, इंधनाची क्षमता वाढली, हवेतल्या हवेत इंधन भरण्याची नळी आली. मूळचं हवाई लढाईचं हे विमान जमिनीवरच्या लक्ष्यावरही अचूक मारा करू लागलं. बातमी नव्या रडारची होते. पण त्या रडारला पुढची वर्षं मिळतात ती जुना सांगाडा तपासून खरा उतरतो म्हणून.

पत्रे पुन्हा बसवण्याआधी एक मोजणी राहते, ती अवजारांची. आत राहिलेला एखादा पाना नियंत्रणाच्या दांड्यांत अडकला, तर सगळ्या तपासण्या फुकट. म्हणून प्रत्येक पान्याला फळीवर त्याच्याच आकाराचा खाचा असतो. एक जरी खाचा रिकामा दिसला, तरी तो पाना सापडेपर्यंत विमान उडत नाही.