केटी सुटते कशी?

मंडळी, आधीच सांगते, हा लेख एटीकेटीवर नाही. केटी हे एका मांजरीचं नाव आहे. (आणखी एक: माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. लेखातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका माझ्या, जे काही शुद्ध दिसतंय ते मराठी विभागाच्या संपादिकेचं.)

गोष्ट गेल्या पावसाळ्यातली. लेडीज हॉस्टेलच्या मागे क्वार्टर्समध्ये आमच्या रेक्टर मॅडम राहतात आणि त्यांच्यासोबत त्यांची एक्क्याऐंशी वर्षांची आई. त्यांना अख्खं हॉस्टेल आजीच म्हणतं. मॅडमनी प्राणी वाचवणाऱ्या एका संस्थेतून मांजर दत्तक घेतलं. साधारण दोन वर्षांची, काळी-पांढरी, एका बंद दुकानाच्या शटरमागे अडकलेली सापडली होती. संस्थेने तिची नसबंदी केली, लस टोचली आणि एका घरी दिली. अकरा दिवसांत ती 'चावते' असा शेरा घेऊन परत आली. हे सगळं मॅडमना सांगितलं होतं, तरी त्यांनी नेमकी तीच निवडली. पहिल्या अटेम्प्टला नापास झालेली, म्हणून आम्ही मुलींनी नाव ठेवलं केटी.

पहिल्याच रात्री हजेरी झाल्यावर मला बोलावणं आलं. "अगं, तुझ्या घरी मांजर आहे ना? ये जरा. ही काही बाहेरच येत नाहीये." आमच्या नाशिकच्या घरचा बोका इतका गरीब आहे की त्याला मफलरसारखा गळ्यात गुंडाळता येतो. तेवढ्या अनुभवावर मी एक्सपर्ट म्हणून गेले. केटी दिवाणाखाली अगदी भिंतीच्या कोपऱ्यात बसली होती. मी जमिनीवर आडवी झाले, "मनीऽ मनी" केलं. तिने फिस्स केलं. मला वाटलं, घाबरलीये बिचारी, जवळ घेतलं की शांत होईल. आणि मी हात आत घातला.

पुढचं दोन सेकंदांत आटोपलं. मनगटावर ओरखडे आणि अंगठ्याच्या बुंध्याशी बारीक, खोल भोकं. रक्त फारसं आलं नाही, आणि तेच फसवं असतं.

इथे जरा थांबते, कारण मेसच्या मांजराने बोचकारलं तर आपल्याकडे मुली बँड-एड लावून झोपून जातात. मांजराच्या चाव्यानेही रेबीज होऊ शकतो आणि लक्षणं एकदा सुरू झाली की त्यातून वाचणं जवळजवळ अशक्य. तेव्हा जखम ताबडतोब साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, तीही घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. केटीला लस दिलेली होती, तरी डॉक्टरांनी मला सगळा कोर्स घ्यायला लावला. दंडात पाच इंजेक्शनं, पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८. (झीरोपासून मोजणं फक्त सी लँग्वेजमध्ये असतं असा माझा समज होता.) शिवाय दात आत रुतले होते म्हणून जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन. ते सगळ्यात जास्त दुखलं. रेबीज सोडला तरी मांजराचा दात सुईसारखा असतो. वरचं भोक लगेच मिटतं आणि तोंडातले जंतू आत सांध्यापर्यंत पोचलेले असतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हाताला मांजर चावलेल्या १९३ रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये छापला होता. त्यातल्या ५७ जणांना ॲडमिट करावं लागलं होतं. म्हणजे हे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या भावाने फोनवर निकाल दिला, "ताई, परत देऊन टाक. आईला शुगर आहे. तिला चावली तर?" यात चुकीचं काहीच नव्हतं. पण दोनदा परत आलेल्या मोठ्या मांजरीला तिसरं घर कोण देणार? मॅडम म्हणाल्या, "हिचं शेवटचं इंजेक्शन होईपर्यंत बघू." म्हणजे केटीच्या हातात अठ्ठावीस दिवस होते, आणि ते माझ्या दंडावर मोजले जात होते.

जनावरांच्या डॉक्टरांनी मॅडमना विचारलं, "चावायच्या आधी काय झालं होतं?" किती चावते, कुठे चावते, हे नंतर. आम्ही सांगितलं की काहीच नाही, फक्त हात पुढे केला. त्यावर ते हसले.

मग त्यांनी जे समजावलं ते थोडक्यात असं. मांजर उंदराची शिकार करतं हे आपल्याला माहीत असतं, पण ते स्वतः इतकं लहान असतं की कुत्र्यांसारख्या मोठ्या प्राण्यांचं भक्ष्यही होऊ शकतं, हे आपण विसरतो. घाबरलेलं मांजर आधी पळायला बघतं, नाहीतर लपतं. दोन्ही बंद झालं तर मारतं. दिवाणाखाली तिला तीन बाजूंनी अडलेलं होतं आणि चौथ्या बाजूने माझा हात आला. माझ्या दृष्टीने मी प्रेम करत होते. तिच्या दृष्टीने एकुलता एक दरवाजाच चाल करून येत होता.

आणि तिने नोटीस दिली नव्हती असं नाही. अंग चोरून बसणं, बुबुळं मोठी काळी होणं, कान आडवे होऊन मागे चिकटणं, मग फिसकारणं, मग गुरगुरणं, मग पंजा आणि सगळ्यात शेवटी दात. मी पहिले चार टप्पे वाचलेच नाहीत. मराठीत मांजर खूश असेल तर घुरघुरतं आणि चिडलं असेल तर गुरगुरतं. कॉन्व्हेंटवाल्यांनी हा फरक पाठ करून ठेवावा. यातला धोका असा की, फिसकारून कोणी ऐकत नाही हे मांजराला कळलं तर पुढच्या वेळी ते फिसकारण्यात वेळ घालवत नाही, थेट चावतं. पहिल्या घरी तिचं असंच काहीसं झालं असावं. म्हणून तिने फिस्स केलं की रागवायचं नाही, चूपचाप मागे व्हायचं.

तपासणीत आणखी एक निघालं. तिच्या कानात बारीक किडे झाले होते आणि खाजवून आत जखमा होत्या. डोक्यावरून हात फिरवला की ती का उसळायची ते तेव्हा कळलं. एरवी शांत असलेलं मांजर अचानक चावायला लागलं तर आधी दुखणं शोधायचं: कान, दात, सांधे, लघवीचा त्रास. डॉक्टरांनी मानेच्या मागे टाकायचं औषध दिलं, म्हणजे रोज कान पकडायची कुस्ती टळली. आणि एक गोष्ट तीनदा बजावली: आपल्या कपाटातली पॅरासिटॅमॉलची गोळी मांजराला कधीही द्यायची नाही. तिचा तुकडासुद्धा मांजराचा जीव घेऊ शकतो.

घरी आल्यावर मॅडमनी अडगळीची खोली रिकामी केली. एका कोपऱ्यात मातीचा ट्रे, त्यापासून लांब पाणी आणि जेवण, खिडकीशी एक जुनं स्टूल, आणि मुख्य म्हणजे मेसमधून आणलेला बिस्किटांचा मोठा पुठ्ठ्याचा खोका. मला वाटलं, हिला लपायला जागा दिली तर ही जन्मात बाहेर यायची नाही. पण उलटं होतं. नेदरलँड्समधल्या एका शेल्टरमध्ये नव्या आलेल्या काही मांजरांना लपायला खोका दिला आणि काहींना दिला नाही. खोकावाली मांजरं तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बरीच निवांत दिसली. हा अभ्यासही २०१४ मधलाच. लपता येतं याची खात्री असली की बाहेर बघायची हिंमत येते.

पहिले आठ दिवस आम्ही काही केलं नाही. खरंच काही नाही. हे इंजिनिअरला फार जड जातं. दिवसातून दोनदा जेवण ठेवायचं आणि जमिनीवर पाठ करून बसायचं. मी तिथे बसून माझी जर्नल्स पूर्ण केली. या कामात सर्वात हुशार आजी निघाल्या. त्या दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसायच्या, तिच्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. मला म्हणाल्या, "नवी सून आली तर तिला पहिल्याच दिवशी खोलीतून ओढून बाहेर काढतात का गं?" सहाव्या दिवशी केटी खोक्यातून निघाली आणि आजींच्या खुर्चीचा पाय हुंगून परत गेली. आजींनी पानसुद्धा उलटलं नाही.

पण सगळी चावाचावी भीतीची नसते, हे आम्हाला दुसऱ्या आठवड्यात कळलं. धीट झाल्यावर ती संध्याकाळी दाराआड दबा धरून बसायची आणि आजींच्या लुगड्याच्या हलत्या काठावर झेप घ्यायची. कान उभे, फिसकारणं नाही, काही नाही. ही शिकार होती. दिवसभर एका खोलीत बसलेल्या तरुण मांजरीला काहीतरी हलणारं हवं असतं. पण शुगर असलेल्या माणसाच्या पायाशी हा खेळ चालणार नव्हता, आणि मॅडमचा चेहरा त्या दिवशी पूर्ण उतरला होता. मग पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला दोरी आणि दोरीला पिसं बांधली. रोज संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं ते पळवायचं, दोन-चारदा तिला पकडू द्यायचं आणि लगेच जेवण. शिकार, मग खाणं, मग झोप, हा तिचा नैसर्गिक क्रम. आजींना जाड मोजे आले, आणि त्यांच्या फिरायच्या वेळी केटी खोलीत, दार बंद. हाताची बोटं नाचवून खेळणं सगळ्यांना बंद. पिल्लू असताना ते गोड वाटतं, पण त्यातून मांजर एवढंच शिकतं की हात ही चावायची वस्तू आहे.

आजी म्हणाल्या, "गळ्यात घुंगरू बांधा, म्हणजे मला कळेल." मग आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. ती म्हण ज्याला सुचली त्याच्या घरी मांजर नक्की होतं.

सतराव्या दिवशी सर्वात वाईट झालं. खिडकीबाहेर मेसचा गलेलठ्ठ बोका येऊन बसला. केटी फुगून दुप्पट झाली, ओरडली. मॅडमनी धीर द्यायला तिला उचललं, आणि तिने मॅडमचा हात कोपरापर्यंत फाडला. राग बोक्यावर, निघाला मॅडमवर. आपण व्हायवाला बोलणी खाऊन रूममेटवर ओरडतो, तसंच. इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगायचं तर सप्लाय बंद केला तरी कपॅसिटर चार्ज्ड असतो, त्याला हात लावायचा नाही. फरक एवढाच की इथला डिस्चार्ज काही मिनिटांत होत नाही, तास लागतात, कधी पूर्ण दिवस. अशा वेळी दिवा घालवायचा, दार लोटून घ्यायचं आणि तिला एकटं सोडायचं. खिडकीच्या खालच्या काचांवर आम्ही ड्रॉइंग शीट्स चिकटवल्या. (एका वर्षाचं इंजिनिअरिंग ग्राफिक्स शेवटी कामी आलं.)

त्या दिवशी वॉचमन काकांनी सुचवलं, "पेपरची सुरळी करून एक द्या, बरोबर सरळ होते." काका मनाने चांगले आहेत, पण हे करू नका. मांजराला 'मी चावले म्हणून मार बसला' असा हिशोब लागत नाही. 'हा माणूस मारतो' एवढंच लक्षात राहतं, आणि जी भीती कमी करायची तीच वाढते. पाण्याचा फवारा मारणं, मानगुटीला धरून हलवणं, सगळं त्याच माळेतलं.

शेवटचा धडा कुरवाळण्याचा. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःहून जवळ येऊन गाल घासायला लागली. आम्ही हुरळून कुरवाळत सुटायचो आणि मिनिटभरात चटकन दात लागायचे, हलके पण लागायचे. यालाही नोटीस असते. शेपटीचं टोक हलायला लागतं, पाठीची कातडी थरथरते, कान वळतात. मग नियम केला: गालावर, हनुवटीखाली तीनदा हात फिरवायचा आणि थांबायचं. तिने पुन्हा डोकं पुढे केलं तरच चौथ्यांदा. पोटाला हात नाही, ती कितीही उताणी पडली तरी.

अठ्ठाविसाव्या दिवशी इंजेक्शन घेऊन मी सरळ क्वार्टर्सवर गेले आणि जमिनीवर बसले. केटी खोक्याच्या तोंडाशी होती. मी डोळे अर्धवट मिटून हळूच उघडले. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलंय की असं केल्यावर मांजरं अनोळखी माणसाच्या हाताजवळही जास्त येतात. केटीने उलट डोळे मिचकावले, उठली, माझा अंगठा बराच वेळ हुंगला आणि जाऊन आजींच्या पेपरवर बसली, बरोबर शब्दकोड्यावर. मॅडमनी भावाला फोन लावला आणि आतल्या खोलीत जाऊन बोलल्या. काय बोलल्या ते माहीत नाही, पण केटी अजून तिथेच आहे.

मांडीवर अजूनही बसत नाही. खोका तिसरा चालू आहे. पावसात बोका ओरडला की ती दिवसभर आत असते आणि आम्ही तिकडे जात नाही. ज्यांना भेटायचं असेल त्यांनी मॅडमना विचारून संध्याकाळी सात ते साडेसात यावं. चपला बाहेर, मोबाईल सायलेंट. हात खिशात ठेवायचे, बसायचं जमिनीवर. ती आली तर आली.