नदीच्या अलीकडचा गोवा

दिंडोरीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलंय. आशेवाडीतून रामशेज किल्ला चढून गेलं तर वर गाव नाही. मग टेकडीवर गड, गडाला बिलगून नांदतं गाव आणि खाली समुद्र असं कुठे पाहायला मिळेल, असं त्या विचारतात. मिळेल, आणि ते ठिकाण माझ्या फार आवडीचं आहे: तेरेखोल.

रामशेजने १६८२ पासून मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवलं, त्यात ताशीव कड्यांचा मोठा वाटा होता. तेरेखोलला तसे कडे नाहीत, उंचीही बेताचीच. त्याचं सगळं बळ जागेत. सह्याद्रीतून बांद्यावरून येणारी तेरेखोल नदी या टेकडीच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. आत शिरणारं प्रत्येक गलबत तटावरच्या तोफांच्या टप्प्यातूनच जाणार. सावंतवाडीच्या खेम सावंतांनी सतराव्या शतकात इथे गड बांधला तो त्यासाठीच. त्यांची गलबतंही याच नदीत असत.

१७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मैदा सावंतांवर चालून आला. त्याने हळर्णचा किल्ला घेतला (त्यावरूनच पुढे त्याला आलोर्नचा मार्किस हा किताब मिळाला), तेरेखोल घेतलं, रेडीचा यशवंतगडही घेतला. आता गंमत बघा. रेडी आणि तेरेखोल एकमेकांचे शेजारी, दोन्ही एकाच वर्षी गेले. रेडी सावंतांकडे परत आली, तेरेखोल पोर्तुगीजांकडेच राहिलं. समोरच्या तीरावरचा पेडणे महाल त्यांना कायमचा मिळाला तो १७८८ मध्ये. म्हणून आजही नदीच्या मुखाशी दक्षिणेला गोवा, उत्तरेला सिंधुदुर्ग, आणि उत्तर तीरावरचं हे एवढंसं गाव मात्र गोव्याचं! रस्त्याने जायचं तर महाराष्ट्रातून जावं लागतं.

या तुटकपणाचा एकदा फार मोलाचा उपयोग झाला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी गोव्याचे सत्याग्रही या गडात शिरले आणि त्यांनी तिरंगा फडकवला. दिवसभर तो तिथे होता. मग सारे पकडले गेले, तुरुंगात गेले. गोवा मुक्त व्हायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. त्या सत्याग्रहासाठी तेरेखोलची निवड झाली त्यात भूगोलाचा हात असणार, असं मला ठामपणे वाटतं. भारताच्या हद्दीतून इथे नदी न ओलांडता पायी येता येत होतं.

आज गडात हॉटेल आहे, आणि तटाच्या आत सेंट अँथनीचं पांढरंशुभ्र चर्चही.

दिंडोरीकडून जाणाऱ्यांनी कोकण रेल्वेने सावंतवाडी रोडला उतरून शिरोडा, रेडी असं जावं. १९३० चा मिठाचा सत्याग्रह झाला तेच हे शिरोडा. आधी यशवंतगड पाहा: जांभ्याच्या भिंती आणि त्यांना कवटाळून बसलेली झाडांची मुळं. काळ्या कातळाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना तो तांबडा दगड नवा वाटेल. मग तेरेखोल. परतताना आल्या रस्त्याने येऊ नका, फेरीबोटीने पलीकडे केरीला उतरा. गडाचा मोका पाण्यातूनच नीट कळतो. फक्त निघण्याआधी गावात ओहोटीची वेळ विचारून घ्या.