दसऱ्याचे तोरण आणि घरातील मुले

मानकोलीच्या परिसरात भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. तेव्हा भाताची लोंबी पुष्कळ मुलांस आता दसऱ्याच्या तोरणातच दिसावयाची. म्हणून तोरण विकत न आणता मुलांकडूनच करवून घ्यावे.

लहानग्यांनी आंब्याची पाने पुसावीत, फुले मोजावीत; थोरल्यांनी जाड सुईने ओवावीत. सुई झेंडूच्या हिरव्या देठातून काढली म्हणजे फूल सुटत नाही. दोन फुलांमध्ये एक पान घालून मधोमध लोंब्यांचा झुबका बांधावा. आंब्याचे पान जाड व तुळतुळीत असल्यामुळे सावकाश सुकते.

सण सरल्यावर दाणे चिमण्यांस घालावेत, वाळल्या झेंडूचे बी कुंडीत पेरावे. २०१८ साली महाराष्ट्रात बंदी आलेल्या थर्मोकोलच्या आरासीतून असे काहीच उगवत नसे.